इंचभर अक्षरांची पाटी

पेकन फोर्क, टेक्सस
रविवार, चर्चमधून आल्यावर

तीर्थस्वरूप व्हर्नाताईस,

धाकट्या हारलनचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकूनच आहे, कारण गेले काही दिवस कंबर सरळ होत नाही. का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेले व्यायाम तू करत नसणार हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी विचारायची रीत म्हणून विचारतो. तिकडे तुलसा शहरात यंदा वारा फार असं ऐकलं, छप्पर जागेवर आहे ना? तुझी डचेस अजून पोस्टमनच्या अंगावर धावते का? धावत असेल तर बरंच आहे, त्या वयाच्या कुत्रीला तेवढा व्यायाम हवाच, आणि निदान घरात कुणीतरी करतंय. माझं म्हणशील तर रक्तदाब बेताचा, साखर बेताची, भूक मात्र बेताची नाही.

पत्र लिहायचं कारण असं की आपल्या जुन्या शेजाऱ्याच्या, फ्लॉइडच्या बायकोने तुला फोन करून दोन गोष्टी सांगितल्या म्हणे. एक, हारलनला एका बाईने तिच्या कॅफेतून हाकललं. दोन, हारलन भर गावात रानडुकराखाली सापडला. ताई, ही बाई ऐकते अर्धं आणि सांगते दीडपट. मला कुणी हाकललेलं नाही, मी तत्त्वासाठी स्वतः बाहेर राहिलो. आणि मी डुकराखाली सापडलो नाही, डुक्कर माझ्यावरून गेलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो तुला शांतपणे समजावून सांगावा म्हणून हा कागद घेऊन बसलो आहे.

मोझेल प्रुइट तुला आठवत असेल. माझ्या आर्लेटच्या अंत्यविधीला जिने तीन प्रकारचे ‘पाय’ (फळं भरून भाजलेले, गोड) करून आणले होते आणि एक शब्द न बोलता भांडी घासून गेली, तीच. तिचा नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. चौकातला कॅफे ती एकटी चालवते. आर्लेट गेल्यापासून माझा सकाळचा नाश्ता तिथेच: मऊ बिस्किटं, त्यावर पांढरी ग्रेव्ही, आणि कपातली कॉफी संपायच्या आत पुन्हा भरलेली. खिडकीजवळच्या टेबलावर मी, डब केसलर (शाळेची बस चालवायचा तो, आता नुसतं डोकं चालवतो, तेही अधूनमधून) आणि पाट्या रंगवणारा युसेबियो इबारा. आता हसणार नसशील तर एक सांगतो. मी मोझेलला लग्नाचं विचारायचं ठरवलं होतं. दिवससुद्धा ठरवला होता. संध्याकाळी घरात शिरल्यावर ‘आलो गं’ म्हणायला कुणी नाही, याची सवय होते असं लोक म्हणतात. ताई, मला झाली नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात डबने घोळ घातला.

आमच्या टेबलावर तिघांच्याही कंबरेला पिस्तूल असायचं हे तुला सांगायला नकोच. बाबांनी शिकवलं ते मी पाळतो: माणसाने आपलं आणि शेजाऱ्याचं रक्षण स्वतः करावं, शेरीफच्या गाडीची वाट बघत बसू नये. (पेकन फोर्कमध्ये शेवटचा गुन्हा म्हणजे चर्चचं गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं तो. तेही चोराने गवत कापून परत आणून ठेवलं. पण म्हणून गाफील राहायचं का?) तर, कॅफेत बाथरूम एकच, बायकापुरुषांचं मिळून. डब आत गेला. आत गेल्यावर पट्टा सोडावा लागतो, पट्टा सोडला की पिस्तूल लोंबतं, म्हणून त्याने ते काढून पाण्याच्या टाकीवर ठेवलं. बाहेर येताना पट्टा लावला, हात धुतले, केस विंचरले (आहेत ते), आणि पिस्तूल तिथेच. त्याच्यानंतर आत गेल्या पाद्रीबाई, मिसेस कोरली हॅन्सन. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रुमालात गुंडाळलेलं ते पिस्तूल दोन्ही हातांत धरून, भर नाश्त्याच्या गर्दीतून चालत आल्या आणि म्हणाल्या, “हे कुणाचं राहिलंय?” अगदी छत्री राहिल्यासारखं.

मी डबला तिथल्या तिथे सुनावलं की हत्यार विसरणारा माणूस हत्यार बाळगायच्या लायकीचा नाही, आणि मी आयुष्यात माझं पिस्तूल कुठेही विसरलेलो नाही. हे मी जरा मोठ्याने बोललो असेन. पुढचे कित्येक दिवस तो दिसला की मी विचारायचो, “डब, सगळं घेतलंस ना? चष्मा, टोपी, तोफ?” मोझेलने नुसता काउंटर पुसला. ती काउंटर त्या तऱ्हेने पुसते तेव्हा काहीतरी ठरलेलं असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दारावर वहीचा फाडलेला कागद: ‘बंदुका गाडीत ठेवून या. मोझेल.’

आता ताई, भावना बाजूला ठेवू आणि कायदा बघू. जागा तिची आहे, नको म्हणायचा हक्क तिचा आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. पण इथे टेक्ससमध्ये नको म्हणायचीसुद्धा एक पद्धत आहे. पाटीवरचे शब्द कायद्यात दिलेलेच हवेत, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं उठून दिसणारी आणि निदान इंचभर उंच. मी गाडीतून पट्टी आणली आणि सगळ्यांसमोर अक्षरं मोजली. अर्ध्या इंचाच्या आतबाहेर. स्पॅनिशचा पत्ता नाही. म्हणजे कागद कायद्याने कागदच, पाटी नव्हे. तसं मी जाहीर केलं, आत गेलो आणि बिस्किटं मागवली. एक पळवाट मात्र तिच्या बाजूने होती: मालकाने तोंडी सांगितलं तरी ते चालतं. त्यामुळे ती माझ्या टेबलाकडे यायला निघाली आणि तिचं तोंड उघडतंय असं दिसलं की मी टोपी उचलून बाहेर. तीन सकाळी मी अर्धा नाश्ता टाकून पळालो, पण कायद्याच्या चौकटीत राहून पळालो. (ज्या बाईशी लग्न करायचं तिचा एक शब्दही कानावर पडू न देणं, यात काही विसंगती आहे असं युसेबियो म्हणाला. त्याला मी म्हटलं, तू रंग दे.)

त्याने खरंच रंग दिला. चौथ्या दिवशी जाऊन बघतो तर कॅफेच्या दर्शनी काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाटी. निळ्यावर पांढरी अक्षरं, वीतभर उंच, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्पॅनिश, स्वल्पविरामसुद्धा कायद्यातले. युसेबियो शिडीवरून उतरून हात पुसत म्हणाला, “तूच म्हणालास ना अक्षरं लहान आहेत? आता मोज.” मोजली. एकही चूक नव्हती. माझ्या मित्राने, माझ्याच सांगण्यावरून, माझ्याविरुद्ध राज्यातली सगळ्यात निर्दोष पाटी रंगवली होती. ताई, मला त्याचा रागही आला आणि मनातून अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

मग मी तत्त्वाचा झेंडा उभारला. डब आणि युसेबियोला रस्त्यापलीकडे टायरच्या दुकानासमोर बोलावलं आणि तिघांनी शब्द दिला की जिथे आमच्यावर भरवसा नाही तिथली कॉफी आम्हाला वर्ज्य. मी ट्रक तिथेच उभा केला आणि रोज सकाळी त्यात बसून खारी बिस्किटं आणि डब्यातले सॉसेज खाऊ लागलो. डब दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्याने पिस्तूल आपल्या गाडीत कुलपात ठेवलं आणि माझ्याकडे न बघता रस्ता ओलांडला. युसेबियो तर पहिल्याच दिवशी मागच्या दाराने जाऊन जेवून आला होता, पाटीचा रंग वाळला का ते बघायला गेलो होतो म्हणे. राहिलो मी एकटा. एकटा माणूस हेच खरं बहुमत, असं मी स्वतःला सांगत होतो. पण एका गोष्टीचा विचार मी आधी केला नव्हता. पूर्वी त्या काचेतून आतलं सगळं दिसायचं. मोझेल भांडं घेऊन फिरतेय, कानामागे पेन्सिल खोचतेय, कुणाला तरी दटावतेय. आता तिथे वीतभर अक्षरं होती. मी पट्टी घेऊन मोजायला गेलो नसतो तर तो छोटा कागद दाराच्या कोपऱ्यात तसाच राहिला असता आणि मला ती दिसत राहिली असती. ट्रकमध्ये बसून मी ती पाटी इतक्या वेळा वाचली की आता मला स्पॅनिश येतं.

शेवटी डबला निरोप्या केला. (दुसरं कोण होतं?) म्हटलं, तिला सांग, हारलनला तुझ्याशी आयुष्याचं बोलायचंय, रस्त्याच्या अलीकडे ये. डब गेला, बराच वेळ आला नाही, आला तेव्हा मिशीला ग्रेव्ही होती. तिचं उत्तर त्याने शब्दशः सांगितलं: “त्याला म्हणावं, दार सकाळी सहापासून उघडं आहे. मी त्याला नाही म्हटलेलं नाही, त्याच्या कंबरेवरच्याला म्हटलंय. दोघांतला कोण मागणी घालतोय ते आधी ठरव.” डब म्हणाला, “मी असतो तर चालत गेलो असतो रे.” मी म्हटलं, तू असतास तर ते बाथरूममध्ये विसरला असतास. पण त्या दिवशी सॉसेजचा डबा मी उघडलाच नाही.

आणि मग ते डुक्कर.

पेकनच्या झाडांची फळं गळायला लागली की रानडुकरं गावाकडे सरकतात, हे तुला माहीत आहे. त्या सकाळी कुणाच्या तरी कुत्र्यांनी बागेतून एक दांडगं डुक्कर पिटाळलं, ते गल्लीतून सुसाट आलं आणि कॅफेचं मागचं दार उघडं दिसलं तसं स्वयंपाकघरात शिरलं. मला रस्त्यापलीकडे भांड्यांचा आवाज आला, मग किंकाळी, मग डबचा आवाज, तो देवाचं नाव घेत होता, जे तो एरवी घेत नाही. ताई, हाच तो क्षण. आतल्या सगळ्यांची पिस्तुलं बाहेर गाड्यांत कुलूपबंद, मध्ये डुक्कर, आणि गावात सज्ज असा माणूस एकच. मी पिस्तूल उपसलं आणि रस्ता ओलांडून दाराशी पोचलो. तिथे थांबलो. पाटी आता कायदेशीर होती, माझ्याच कृपेने. हत्यारासह आत पाऊल टाकलं की मी गुन्हेगार.

दाराच्या फटीतून बघितलं. डब टेबलावर उभा, युसेबियो पायच्या कपाटामागे, मिसेस हॅन्सन बाकावर पाय घेऊन बसलेल्या, आणि मधोमध ते डुक्कर, पीचच्या पायमध्ये तोंड घालून. मी ओरडलो, “मोझेल, तोंडी परवानगी दे, इथे साक्षीदार आहेत.” मोझेल कुठे होती म्हणशील? ती बिस्किटांचा ट्रे हातात धरून, एकेक बिस्कीट जमिनीवर टाकत, पाठमोरी पुढच्या दाराकडे येत होती, आणि डुक्कर एकेक खात तिच्यामागे. कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, “हारलन स्टबलफील्ड, भाषण पुरे. दार धर. दोन्ही हातांनी, ते एका हाताने राहत नाही हे तुला ठाऊक आहे.”

तुला ते दार माहीत नाही. त्याची स्प्रिंग इतकी कडक आहे की सोडलं की फाडकन बंद होतं, आणि ते आत उघडतं. म्हणजे धरायचं तर आत जायला हवं, आणि दोन्ही हात मोकळे हवेत. मी एक क्षणभर नेम धरायचा विचार केला. नेम माझा चांगला आहे. पण डुकराच्या मागे सरळ रेषेत मिसेस हॅन्सन होत्या, त्यांच्यामागे डब, आणि डुकराच्या पुढे, माझ्या आणि त्याच्या मध्ये, मोझेल. तिची पाठ माझ्याकडे होती. इतक्या दिवसांनी मी तिला बघत होतो आणि ती पिस्तुलाच्या टोकावर दिसत होती. ताई, मी पिस्तूल बाहेरच्या वर्तमानपत्रांच्या पेटीवर ठेवलं, आत गेलो आणि दोन्ही हातांनी दार ओढून धरलं.

मोझेल बाजूला सरली. डुकराने उजेड पाहिला आणि मुसंडी मारली. वाटेत मी होतो. पुढचं मला नीट आठवत नाही, पण डब सांगतो की ते माझ्या गुडघ्यांतून शिरलं, मी काही अंतर त्यावर उलटा बसून गेलो, आणि मग ते माझ्यावरून गेलं. नदीकडे पळालं, पुन्हा दिसलं नाही. मी उंबऱ्याच्या आत, जमिनीवर, बिस्किटांच्या चुऱ्यात उताणा. मोझेल वाकून माझ्याकडे बघत होती. “आलास एकदाचा आत,” ती म्हणाली. मागणी घालताना माणूस एका गुडघ्यावर बसतो, मी त्याच्या बराच पुढे गेलो होतो, आणि उठता तर येत नव्हतं, म्हणून मी तिथूनच विचारलं. ती म्हणाली, “आधी ऊठ. कॉफी घे. मग बघू.”

मी उठलो. खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. कॉफी आली, संपली, पुन्हा आली. मिसेस हॅन्सननी माझ्या पाठीला बर्फ लावला. कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं, सगळे एकदम बोलत होते आणि मला फार बरं वाटत होतं. किती वेळ गेला कळलं नाही. मग दारात रेने ओचोआ उभी राहिली, शेरीफच्या ऑफिसातली पोरगी, जिला मी पाळण्यात पाहिलंय. तिच्या हातात माझं पिस्तूल होतं. तिने विचारलं, “हे पेटीवर सापडलं. शाळेची बस नेमकी तिथे थांबते. कुणाचं आहे?”

मला तोवर एकदाही त्याची आठवण झाली नव्हती. डब टेबलावरून अजून पूर्ण उतरला नव्हता. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, “हारलनशेठ, सगळं घेतलंत ना?”

रेनेला मी उत्तर दिलं, माझं आहे म्हणून. एवढंच. डबला काहीही बोललो नाही, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. बसमधून उतरणारी पोरं मला खिडकीतून दिसली नव्हती. दिसायला तिथे काच मोकळी कुठे होती? पण हा मुद्दा मी रेनेपुढे मांडला नाही.

तर ताई, सारांश काय? सगळ्याच बाबतींत माझं म्हणणं खरं ठरलं. गावात हत्यारी माणूस हवा हे खरं, कारण तो दार धरायला उपयोगी पडतो. पाटी कायद्यानुसार हवी हेही खरं, आणि राज्यात इतकी चोख पाटी दुसरी नसेल, तिचं श्रेय माझं. पिस्तूल मी आता सकाळी ट्रकमधल्या कुलपाच्या पेटीत ठेवून आत जातो. पाटी सांगते म्हणून नव्हे, तर कंबर दुखते आणि डॉक्टरने वजन कमी करायला सांगितलंय म्हणून. (पाऊण किलो सहज उतरलं.) फ्लॉइडच्या बायकोला हे सगळं जसंच्या तसं सांग. गुडघ्याची काळजी घे.

तुझा अजिंक्य भाऊ,
हारलन

ता. क. कॉफी झाल्यावर मोझेल ‘हो’ म्हणाली. वर लिहायचं राहिलं.

आणखी एक ता. क. लग्न पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी, कॅफेतच. पाद्रीबाईंचे यजमान लावणार आहेत, डब अंगठी सांभाळणार आहे (हो, मला ठाऊक आहे, पण तोच हवा होता). पाटी तशीच राहणार. मी विचारून पाहिलं, एका दिवसापुरती झाकूया का. मोझेलने काउंटर पुसायला घेतला.

शेवटचा ता. क., आणि खरं म्हणजे पत्र यासाठीच आहे. ताई, तुझ्या पर्समध्ये काय असतं ते मला माहीत आहे. ते चर्चमध्ये असतं, दाताच्या डॉक्टरकडे असतं, डचेसला फिरवताना असतं, आणि आर्लेटच्या अंत्यविधीलाही होतं, कारण पर्स माझ्या पायावर पडली होती. आणि जिथे ते चालत नाही तिथे मी पाऊल ठेवत नाही, हे वाक्य मी गावभर मिरवलं ते मुळात तुझंच. तुला कायदा माझ्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून मोजायची पट्टी आणू नकोस, अक्षरं बरोबर आहेत. माझ्या ट्रकमधल्या पेटीत माझ्या पिस्तुलाशेजारी तुझ्या पिस्तुलासाठी जागा केली आहे, किल्ली दिवसभर तुझ्याच गळ्यात ठेव. काल मोझेल खुर्च्या मांडून बघत होती. तिच्याकडच्या बहिणी, भाच्या, नातवंडं मिळून अर्धा कॅफे भरला. मग तिने विचारलं, तुझ्याकडच्या किती मांडू? मी म्हटलं, एक. ताई, ती रिकामी राहू देऊ नकोस.